भोंगे मुके होण्यापूर्वी

७ मे २०२५ हा दिवस आपल्या पिढीच्या स्मरणात राहील. त्या दिवशी पहाटेपूर्वीच भारतीय सेनादलांनी 'ऑपरेशन सिंदूर' हाती घेऊन सीमेपलीकडील दहशतवादी तळांवर प्रहार केले आणि त्याच दिवशी दुपारी चारच्या सुमारास देशातील अनेक शहरांत नागरी संरक्षणाचा सराव झाला. केंद्रीय गृहमंत्रालयाने २४४ नागरी संरक्षण जिल्ह्यांसाठी हा सराव योजिला होता. हवाई हल्ल्याची सूचना देणारे भोंगे वाजविणे, अंधारपट पाळणे, महत्त्वाचे प्रकल्प शत्रूच्या दृष्टीपासून झाकणे आणि लोकांना सुरक्षित स्थळी हलविणे असे त्याचे स्वरूप होते. १९७१ नंतर एवढ्या व्यापक प्रमाणावर असा सराव प्रथमच होत होता. त्या दुपारी भोंग्याचा तो चढता-उतरता आवाज ऐकून घरातील आजी-आजोबा क्षणभर स्तब्ध झाले आणि नातवंडांनी विचारले, "हा कसला आवाज?" हा प्रश्न ज्या समाजात विचारला जातो, त्या समाजाने आपल्या स्मृतीकडे एकदा वळून पाहिले पाहिजे.

यानंतर तीनच दिवसांनी, १० मे रोजी, गृहमंत्रालयाच्या अखत्यारीतील अग्निशमन सेवा, नागरी संरक्षण व गृहरक्षक दल महासंचालनालयाला आणखी एक सूचना काढावी लागली. लोकशिक्षणाचा हेतू वगळता अन्य कार्यक्रमांत हवाई हल्ल्याच्या भोंग्याचा आवाज वापरू नये, असे प्रसारमाध्यमांना सांगण्यात आले. वृत्तवाहिन्यांनी बातम्या रंगविण्यासाठी हा आवाज दिवसरात्र वापरला होता. वारंवार ऐकून लोकांचे कान त्या आवाजाला निर्ढावले, तर खऱ्या संकटाच्या वेळी त्याकडे कोणी लक्ष देणार नाही, ही त्यामागची भीती होती. एकीकडे नव्या पिढीला या आवाजाचा अर्थ ठाऊक नाही आणि दुसरीकडे ज्यांनी तो समजावून सांगायचा त्यांनी त्याचे पार्श्वसंगीत केले, अशी ही अवस्था आहे.

या पार्श्वभूमीवर एका दुर्लक्षित विषयाकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. दुसऱ्या महायुद्धापासून १९७१ पर्यंत आपल्या शहरांच्या गच्च्यांवर बसविलेले जुने भोंगे, त्यांच्या आवाजाची ध्वनिमुद्रणे, त्यांच्याशी निगडित कागदपत्रे आणि ते भोंगे ऐकलेल्या व वाजविलेल्या माणसांच्या आठवणी यांचा पद्धतशीर शोध घेऊन त्यांचे संग्रहालय उभे राहिले पाहिजे. हे काम आताच झाले पाहिजे. पुढच्या दशकात ते करू म्हटले, तरी करता येणार नाही.

या यंत्राची रचना मोठी साधी आहे. विजेच्या मोटरीला जोडलेले एक फिरते चाक आणि त्याभोवती झरोके असलेला स्थिर पिंजरा, एवढाच त्याचा संसार. चाक फिरू लागले की ते हवा आत ओढते आणि पिंजऱ्याच्या झरोक्यांतून बाहेर फेकते. झरोके क्षणात उघडतात, क्षणात मिटतात. हवेचा झोत असा सेकंदाला शेकडो वेळा कापला गेला की त्यातून तो कर्कश स्वर उमटतो. मोटर वेग घेते तसा स्वर चढतो, वेग मंदावला की उतरतो. वीज नसेल तेथे हाताने फिरवायचे भोंगेही असत. हवाई हल्ल्याची सूचना द्यायची असेल तर वाजविणारा वीज सुरू करून पुन्हा तोडतो, पुन्हा सुरू करतो. त्यामुळे स्वर लाटेसारखा वरखाली होतो. संकट टळल्याची सूचना द्यायची असेल तर वीज अखंड चालू ठेवतो आणि एकच सरळ, स्थिर स्वर निघतो. यंत्र तेच असते, फरक असतो तो कळेवरच्या हाताचा. म्हणूनच एखाद्या संग्रहालयात गंजलेला भोंगा नुसता आणून ठेवला, तर तो भंगाराचा तुकडाच राहील. त्याचा आवाज, त्या आवाजाची लिपी आणि ती लिपी जाणणारा माणूस हे सारे एकत्र आले, तरच त्याला अर्थ प्राप्त होतो.

आपल्या देशाने हा आवाज प्रथम मोठ्या प्रमाणावर ऐकला तो दुसऱ्या महायुद्धात. एप्रिल १९४२ मध्ये जपानी विमानांनी विशाखापट्टणम व काकिनाड्यावर बॉम्ब टाकले. त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये कोलकात्यावर हल्ले झाले. मुंबईवर जपानी बॉम्ब पडले नाहीत. पण १४ एप्रिल १९४४ रोजी गोदीत 'फोर्ट स्टिकीन' या जहाजाचा भीषण स्फोट झाला, तेव्हा जपानने हल्ला केला अशीच अनेक मुंबईकरांची समजूत झाली होती. ती आग विझविताना मुंबई अग्निशमन दलाच्या ज्या जवानांनी प्राण अर्पण केले, त्यांच्या स्मरणार्थ आजही १४ एप्रिलपासून देशभर अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो. स्वातंत्र्यानंतर १९६२ चे चिनी आक्रमण, १९६५ चे युद्ध आणि १९७१ चे युद्ध अशा तीन प्रसंगी नागरी संरक्षणाची ही व्यवस्था उभी करावी लागली. १९६८ मध्ये संसदेने नागरी संरक्षण कायदा केला आणि या कामाला कायमचे अधिष्ठान मिळाले.

३ डिसेंबर १९७१ च्या सायंकाळी पाकिस्तानी विमानांनी पश्चिमेकडील आपल्या विमानतळांवर हल्ले केले आणि युद्धास तोंड फुटले. त्यानंतरचे दिवस ज्यांनी मुंबईत काढले, त्यांना काचांवर चिकटविलेले काळे कागद, मोटारींच्या दिव्यांचा वरचा अर्धा भाग झाकणारा काळा रंग, दिवा दिसताच खालून "लाईट बंद करा" अशी हाक देणारे वॉर्डन आणि अंधारात जिना चाचपत उतरणारी कुटुंबे हे सारे आठवते. चाळीच्या तळमजल्यावर एका खोलीत जमलेली चार-पाच बिऱ्हाडे, रेडिओला लावलेले कान आणि बाहेर भोंग्याचा सरळ स्वर ऐकू येताच सुटलेला नि:श्वास! या आठवणी घरोघरी आहेत, पण त्या घराबाहेर कोठेही नोंदल्या गेलेल्या नाहीत. रणांगणावरील पराक्रमाचा इतिहास आपण काही प्रमाणात लिहिला. त्या रणांगणामागे शिस्तीने उभ्या राहिलेल्या नागरिकांचा इतिहास मात्र आपण विस्मृतीच्या स्वाधीन केला.

या संदर्भात भुजचे उदाहरण वारंवार आठवावे असे आहे. डिसेंबर १९७१ मध्ये पाकिस्तानी बॉम्बफेकीने भुजच्या विमानतळाची धावपट्टी उद्ध्वस्त झाली. तळप्रमुख स्क्वॉड्रन लीडर विजय कर्णिक यांच्या पुढे मनुष्यबळाचा प्रश्न उभा राहिला, तेव्हा जवळच्या माधापर गावातील सुमारे तीनशे स्त्रिया पुढे आल्या आणि त्यांनी अवघ्या ७२ तासांत धावपट्टी पुन्हा वापरण्याजोगी केली. शत्रूच्या विमानांना दिसू नये म्हणून धावपट्टी शेणाने सारवली गेली. स्त्रियांना हिरव्या साड्या नेसण्यास सांगण्यात आले. काम चालू असताना भोंगा वाजला की त्या धावत जाऊन झुडपांत लपत आणि संकट टळल्याचा भोंगा झाला की पुन्हा कामाला भिडत. माधापरच्या त्या वीरांगनांचे आज तेथे स्मारक आहे. परंतु त्यांच्या जीवन-मरणाचा निर्णय ज्या दोन स्वरांवर अवलंबून होता, ते स्वर पुढच्या पिढ्यांना ऐकू यावेत यासाठी आपण काय केले?

मराठी माणसाला भोंगा अपरिचित नाही. किंबहुना मुंबईचे कष्टकरी जीवनच गिरणीच्या भोंग्यावर चालत असे. पहिल्या भोंग्याला उठायचे, दुसऱ्याला निघायचे आणि तिसऱ्याला गिरणीच्या दाराशी पोहोचायचे, हे गिरणगावाचे घड्याळ होते. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर ते घड्याळ हळूहळू थांबले. गावोगावी नगरपालिकेचा भोंगा ठरल्या वेळी वाजे आणि लोक त्यावर आपली घड्याळे लावीत. आजही ३० जानेवारीला हुतात्म्यांच्या स्मरणार्थ पाळल्या जाणाऱ्या दोन मिनिटांच्या मौनासाठी, जेथे भोंगे आहेत तेथे १०.५९ ते ११ या वेळात सूचनेचा आणि ११.०२ ते ११.०३ या वेळात मौन संपल्याचा भोंगा वाजवावा, असा शासकीय संकेत आहे. म्हणजे हवाई हल्ल्याच्या भोंग्याचीच भाषा तेथे श्रद्धांजलीसाठी वापरली जाते. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने तर २०२२ पासून एक अभिनव पायंडा पाडला. तेथे सायंकाळी सात वाजता भोंगा वाजतो आणि गावातील घरे दीड तास दूरचित्रवाणी व मोबाईल बंद ठेवून मुलांच्या अभ्यासाकडे वळतात. एका आवाजावर सारा समाज एकाच क्षणी एक कृती करतो, हेच भोंग्याचे सामर्थ्य आहे.

आणि तरीही आपली अनास्था किती खोल आहे, याचे एक उदाहरण मुंबईने डोळ्यांदेखत पाहिले आहे. १९७१ च्या युद्धात पूर्वेकडील सागरी मोहीम गाजविणारी विमानवाहू नौका 'विक्रांत' जानेवारी १९९७ मध्ये सेवानिवृत्त झाली. काही वर्षे ती संग्रहालय म्हणून मुंबईच्या बंदरात उभी राहिली. पुढे तिची देखभाल कोणाला परवडेना, २०१२ मध्ये ते संग्रहालय बंद झाले आणि २०१४ मध्ये दारूखान्याच्या भंगारवाड्यात तिचे तुकडे झाले. तिच्या पोलादाचा काही अंश एका मोटारसायकलीत वापरला गेला आणि लोकांनी ती कौतुकाने विकत घेतली. ज्या समाजाला विक्रांतसारखी नौका जपता आली नाही, तो गच्चीवरचा एक गंजका भोंगा जपेल काय, असे कोणी विचारील. आमचे उत्तर असे, की नौका जपण्यास शेकडो कोटी रुपये लागतात; भोंगा जपण्यास लागते ती दोन-चार माणसांची चिकाटी आणि एक कोरडी खोली. विक्रांत गमावल्याचे प्रायश्चित्त म्हणून तरी आपण एवढे करावे.

इतर राष्ट्रे या बाबतीत काय करतात, हेही पाहावे. इस्रायलमध्ये नाझींच्या वंशसंहारातील बळींच्या स्मृतिदिनी सकाळी दहा वाजता देशभर भोंगे वाजतात. महामार्गावरची वाहने जागच्या जागी थांबतात, माणसे गाडीतून उतरून दोन मिनिटे स्तब्ध उभी राहतात. ज्या देशाला खऱ्या हल्ल्याच्या भोंग्याखाली आश्रयस्थानाकडे धावावे लागते, त्याच देशाने त्या आवाजाला राष्ट्रीय स्मृतीचे पावित्र्य दिले आहे. ब्रिटनमध्ये लंडनवरील बॉम्बहल्ल्यांचे भोंगे, आश्रयस्थाने, वॉर्डनचे शिरस्त्राण हे सारे इम्पिरियल वॉर म्युझियमसारख्या संस्थांनी जपले आणि सैनिकांबरोबरच सामान्य नागरिकांच्या आठवणीही ध्वनिमुद्रित केल्या. तेथील शाळकरी मुलाला आपल्या पणजीने त्या रात्री काय ऐकले, हे ऐकता येते. आपल्या मुलाला ही सोय नाही.

मग हा शोध कसा घ्यावा? पहिली गोष्ट म्हणजे नजर वर वळवावी. जुनी पोलीस ठाणी, अग्निशमन केंद्रे, नगरपालिकांच्या व तहसील कचेऱ्यांच्या इमारती, टपाल कार्यालये, बंदरे, रेल्वेचे कारखाने, दारूगोळा कारखाने, बंद पडलेल्या गिरण्या यांच्या गच्च्यांवर किंवा माळ्यावर असे भोंगे असण्याचा संभव अधिक. इमारतीचे नूतनीकरण झाले की सर्वप्रथम भंगारात जातो तो भोंगाच. त्यामुळे दारूखाना, चोरबाजार आणि प्रत्येक जिल्ह्याच्या ठिकाणचा जुना बाजार हीही शोधाची ठिकाणे आहेत. मात्र एक पथ्य कटाक्षाने पाळावे. शासकीय इमारतीवरील भोंगा ही शासनाची मालमत्ता आहे आणि तो आजही वापरात असू शकतो. कार्यकर्त्याने तेथे जावे, छायाचित्र घ्यावे, पितळी पट्टीवरील उत्पादकाचे नाव व क्रमांक टिपावा, इमारतीचे नाव व दिशा नोंदवावी आणि रीतसर पत्र देऊन संबंधित कार्यालयाला त्याचे महत्त्व पटवावे. चालू असलेला भोंगा जागीच राहावा, यातच देशाचे हित आहे. निर्लेखित झालेला भोंगा लिलावात जाण्यापूर्वी संग्रहालयाच्या हाती यावा, एवढीच आपली मागणी असावी.

हाती आलेल्या यंत्रावर उत्साहाच्या भरात नवा रंग फासू नये. जुना रंग, गंज, क्रमांक हाच त्याचा दाखला असतो. वर्षानुवर्षे बंद असलेल्या मोटरीला थेट वीज जोडणे धोक्याचे आहे. तिचे वेष्टण कुजलेले असते आणि वेगाने फिरणारे चाक निखळले तर प्राणावर बेतू शकते. जाणत्या वीजतंत्रज्ञाने तपासल्यावाचून कळ दाबू नये. आणि वस्तीत तर तो मुळीच वाजवू नये. हौसेखातर वाजविलेला भोंगा म्हणजे वृत्तवाहिन्यांनी केलेल्या चुकीचीच पुनरावृत्ती होय.

ध्वनिमुद्रणांचा प्रश्न याहून नाजूक आहे. आज 'हवाई हल्ल्याचा भोंगा' म्हणून जे आवाज सर्वत्र फिरतात, त्यांतील कितीतरी परदेशी चित्रपटांतून वा परदेशी यंत्रांवरून घेतलेले असतात. या आवाजांत फरक असतो आणि तो मोजताही येतो. आपल्याकडील वीजपुरवठा ५० आवर्तनांचा, अमेरिकेतील ६० आवर्तनांचा. अशा भोंग्यांतील साध्या मोटरी आपल्याकडे मिनिटाला तीन हजारांच्या किंचित खाली फेरे घेतात, तर अमेरिकेत साडेतीन हजारांच्या आसपास. पिंजऱ्याला दहा झरोके असतील तर आपला भोंगा सेकंदाला सुमारे ४८० कंपनांचा स्वर देईल आणि तसाच अमेरिकी भोंगा सुमारे ५८० कंपनांचा. म्हणजे नुसत्या कानानेही ओळखता येईल एवढे अंतर पडते. परक्या भोंग्याचा आवाज लावून 'हा १९७१ चा आवाज' असे संग्रहालयात सांगणे ही इतिहासाशी प्रतारणाच ठरेल. म्हणून आज जे थोडे जुने भोंगे चालू स्थितीत आहेत, त्यांचे ३० जानेवारीला किंवा अधिकृत सरावाच्या वेळी विधिवत ध्वनिमुद्रण करावे. यंत्र सुरू होतानाचा चढ, स्थिर स्वर आणि बंद झाल्यावरचा लांबत जाणारा उतार हे तिन्ही भाग मुद्रणात यावेत. अंतर, तारीख, ठिकाण नोंदवावे आणि मूळ फीत न आकसता जपून ठेवावी. आकाशवाणीचा संग्रह, फिल्म्स डिव्हिजनच्या वृत्तपटांचा ठेवा आणि खासगी घरांतील जुन्या स्पूल-फिती यांतूनही शोध घेता येईल. एखाद्या हौशी गृहस्थाने १९७१ मध्ये घरातल्या गाण्याचे मुद्रण करताना पाठीमागे भोंगा वाजला असेल, तर ती फीत आज अमोल आहे.

परंतु सर्वांत तातडीचे काम आहे ते माणसांचे. १९७१ मध्ये वीस वर्षांचा असलेला वॉर्डन आज पंचाहत्तरीच्या घरात आहे. १९४२ मध्ये दहा वर्षांची असलेली मुलगी आज नव्वदी ओलांडून गेली आहे. यंत्रे आणखी वीस वर्षे गंजत पडून राहतील. माणसे तेवढी थांबणार नाहीत. नागरी संरक्षणाचे काम त्या काळी कोणी वेतनासाठी केले नव्हते. दिवसभर कचेरीत काम करून रात्री शिट्टी व बॅटरी घेऊन गल्लीत फिरणारे ते शिक्षक, कारकून, दुकानदार आणि गृहिणी होत्या. त्यांच्यापाशी ओळखपत्रे असतील, दंडावरची पट्टी असेल, सूचनापत्रके असतील, प्रशिक्षणाच्या वह्या असतील. घर आवरताना हे सारे रद्दीत जाते. आपल्या शाखांमधून, वस्तीतून, ज्येष्ठ नागरिक संघांतून प्रत्येक कार्यकर्त्याने अशा एका व्यक्तीची भेट घेतली, तासभर तिचे बोलणे मोबाईलवर मुद्रित केले आणि नाव, गाव, वर्ष लिहून ठेवले, तरी वर्षभरात एक मोठा ठेवा तयार होईल. यासाठी निधी उभारावा लागत नाही आणि शासनाच्या आदेशाचीही वाट पाहावी लागत नाही.

इतक्या किरकोळ वस्तूंसाठी संग्रहालय कशाला, असा आक्षेप येईल. त्यांना आम्ही पुण्याच्या दिनकर केळकरांची आठवण करून देतो. 'अज्ञातवासी' या नावाने काव्यलेखन करणाऱ्या या माणसाने अडकित्ते, दिवे, दौती, दरवाजे अशा लोकांनी टाकून दिलेल्या वस्तू आयुष्यभर पायपीट करून गोळा केल्या. लोक हसले असतील. आज राजा दिनकर केळकर संग्रहालय ही महाराष्ट्राची शान आहे. १९७५ मध्ये त्यांनी तो सारा संग्रह शासनाच्या स्वाधीन केला. अडकित्त्यात जर समाजाचा इतिहास सापडतो, तर ज्याच्या आवाजावर समाजाने रात्री जागविल्या त्या भोंग्यात तो सापडणार नाही काय?

या कार्याला महाराष्ट्रातच योग्य घर आहे. नागपूरचे राष्ट्रीय नागरी संरक्षण महाविद्यालय १९५७ मध्ये आपत्कालीन मदतकार्याचे प्रशिक्षण देणारी केंद्रीय संस्था म्हणून सुरू झाले आणि १९६८ मध्ये त्याला हे नाव मिळाले. देशभरातील प्रशिक्षकांना घडविणाऱ्या या संस्थेच्या मार्गदर्शनाखाली असा राष्ट्रीय संग्रह आकाराला यावा आणि जिल्ह्याजिल्ह्यांतील संग्रहालयांत त्याची छोटी दालने असावीत. मुलांनी तेथे यावे, बंद खोलीत तो चढता-उतरता स्वर ऐकावा, मग तो सरळ स्वर ऐकावा आणि दोहोंतील फरक कानांत साठवून घरी जावे. अशा दालनात जुन्या काळाच्या आठवणी जागतीलच, पण उद्याच्या संकटासाठी कानही तयार होतील.

आपल्या सेना सीमेवर सज्ज आहेत. नागरिकांची सज्जता ही मात्र प्रत्येक पिढीला नव्याने शिकावी लागते आणि शिकविणारी पिढी आता थोडीच उरली आहे. येत्या ३० जानेवारीला अकरा वाजता आपल्या गावात भोंगा वाजतो का, हे प्रत्येकाने कान देऊन ऐकावे. वाजत असेल तर तो मुद्रित करावा. वाजत नसेल तर तो कोठे गेला, कोणी वाजवीत असे, हे शोधण्यास त्याच दिवशी प्रारंभ करावा. आपल्या नातवाने पुन्हा "हा कसला आवाज?" असे विचारले, तर त्याचे उत्तर आपल्यापाशी असले पाहिजे.